शिशाची गोळी आणि बॅरलमध्ये बसणारे शिसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत परवान्याची बंदूक साधारणपणे तीन प्रकारच्या घरांत आढळते. एक घर निवृत्त सैनिकाचे, दुसरे डुकरांपासून ऊस-भुईमूग राखण्यासाठी वडिलोपार्जित १२ बोअर सांभाळणाऱ्या शेतकऱ्याचे आणि तिसरे नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींचे. तिघांच्याही शंका थोड्याफार फरकाने त्याच असतात. त्यांपैकी वारंवार येणाऱ्या शंकांची उत्तरे येथे दिली आहेत. पुढील सर्व मजकूर कायदेशीर परवान्याच्या शस्त्रासाठी, मान्यताप्राप्त रेंजवरील वापरासाठी आणि कारखान्यात तयार झालेल्या काडतुसांसाठी आहे.

बॅरलमध्ये शिसे बसते म्हणजे नेमके काय होते?

रायफल किंवा रिव्हॉल्वरच्या बॅरलच्या आतील बाजूस पिळदार चर कोरलेले असतात आणि दोन चरांमध्ये उंचवटे राहिलेले असतात. गोळी या उंचवट्यांत घट्ट रुतून पुढे सरकते आणि त्यामुळेच तिला गिरकी मिळते. गोळीवर तांब्याचे कवच नसेल, तर तिच्या अंगाचे शिसे पोलादावर घासले जाते आणि त्याचा अतिशय पातळ पापुद्रा मागे राहू शकतो. पुढची गोळी त्या पापुद्र्यावरून जाताना आणखी थोडे शिसे सोडते. असे थर चढत गेले की चर उथळ होतात, गोळीची पकड बिघडते आणि जी रायफल पन्नास मीटरवर एका नाण्याएवढ्या जागेत गोळ्या घालत होती, तीच कारण न कळता फाकायला लागते. नेमबाज याला ‘बॅरलने लेड धरले’ असे म्हणतात.

मग शिशाची गोळी वापरायचीच कशाला? ती जुन्या काळची नव्हे काय?

नव्हे. ऑलिंपिकमधील पॉइंट २२ (०.२२ इंच मापाच्या) रायफल आणि पिस्तुलाच्या स्पर्धांत आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शिसे किंवा तशाच मऊ पदार्थाचीच गोळी चालते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे झोपून नेमबाजी) विश्वविजेत्या झाल्या आणि स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले. दोघांचेही यश शिशाच्या गोळीवर उभे आहे. त्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, यावरून ही गोळी किती नेमकी जाऊ शकते याची कल्पना यावी.

तांब्याचे कवच आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जेव्हा बिनधुराच्या दारूमुळे गोळीचा वेग एवढा वाढला की उघड्या शिशाला चरांची पकड सोसेना. वेग कमी ठेवला तर शिशाची गोळी आजही उत्तम काम करते. पॉइंट २२ ची स्पर्धेची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी वेगाने जाते.

गोळी दारूच्या उष्णतेने वितळते आणि ते शिसे बॅरलला चिकटते, हे खरे आहे काय?

हा समज फार पसरलेला आहे आणि तो स्वाभाविकही आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातील ज्यांच्या घरी सोन्याचांदीच्या गलाईचे, म्हणजे धातू वितळवून शुद्ध करण्याचे, काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्यांना हे ठाऊक असते की चांदी लाल होण्याच्याही आधी शिसे पाणी झालेले असते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि जळत्या दारूचे तापमान त्याच्या कितीतरी पट असते. परंतु गलाईच्या मुशीत धातूला मिनिटे मिळतात, तर बॅरलमध्ये गोळीला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात गोळीचे बूड वितळत नाही. १२ बोअरच्या काडतुसातील प्लॅस्टिकची वॅड (दारू आणि छर्रे यांमधला डट्टा) त्याच आगीसमोरून न वितळता बाहेर पडते, हा त्याचा सहज पाहता येणारा पुरावा आहे.

वितळण्याचा प्रकार घडतो तो निराळ्या ठिकाणी. गोळी आणि बॅरल यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली, तर प्रचंड दाबाखालील तप्त वायू त्या फटीतून गोळीच्या पुढे निसटतो. हा वायूचा झोत गोळीची कड कापत आणि जाळत जातो व तेथून सुटलेले शिसे पुढील पोलादावर लिंपतो.

मग शिसे बसण्याची खरी कारणे कोणती?

माझ्या मते पहिले आणि सर्वांत मोठे कारण मापाचे आहे, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. शिशाची गोळी बॅरलच्या चरांच्या व्यासापेक्षा किंचित जाड असावी लागते. रिव्हॉल्वरमध्ये हा फरक साधारण ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर असतो. एवढी जाडी असली की गोळी चरांत दाबून बसते आणि वायूला वाट राहत नाही. ती बारीक असेल तर इतर सर्व गोष्टी उत्तम असूनही बॅरल शिसे धरते.

दुसरे कारण कठीणपणाचे आहे आणि येथे पुष्कळांची फसगत होते. शुद्ध शिसे फार मऊ असते, ब्रिनेल या कठीणपणाच्या मापात सुमारे ५. त्यात कथील आणि अँटिमनी मिसळले की ते १५ किंवा त्याहून अधिक कठीण होते. त्यावरून ‘जितकी कठीण गोळी तितके शिसे कमी’ असा निष्कर्ष काढला जातो, तो अर्धाच खरा आहे. दारूच्या दाबाने गोळीचे बूड किंचित फुगून चरांना घट्ट भिडावे अशी अपेक्षा असते. कमी दाबाच्या काडतुसात फार कठीण गोळी असेल, तर ती फुगतच नाही, फट तशीच राहते आणि वायू निसटतो. उलट दाब जास्त आणि गोळी फार मऊ असेल, तर ती उंचवट्यांत टिकून न राहता सोलवटून जाते. म्हणजे कठीणपणा दाबाशी जुळलेला हवा.

तिसरे कारण वंगण. शिशाच्या गोळीवर मेण किंवा चरबीयुक्त वंगणाचा लेप असतो, तो घर्षण कमी करतो आणि फटी भरून काढायला मदत करतो. (१८५७ साली ज्या चरबीवरून वणवा पेटला, ती एन्फिल्डच्या काडतुसांवर याच हेतूने लावलेली होती : गोळी सहज उतरावी आणि नळी लवकर घाण होऊ नये.) पॉइंट २२ ची काडतुसे खिशात सुटी टाकली, पुसली किंवा धुळीत पडू दिली की हा लेप जातो किंवा त्याला माती चिकटते. म्हणून ती डबीतच ठेवावीत.

चौथे कारण बॅरलच्या आतील पृष्ठभाग. त्याविषयी पुढे पावसाळ्याच्या प्रश्नात सविस्तर लिहिले आहे.

शिसे बसले आहे हे कसे ओळखावे?

शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून, मॅगझिन आणि बोल्ट काढून, बॅरलच्या एका टोकाला पांढरा कागद धरावा आणि दुसऱ्या टोकातून उजेडाकडे पाहावे. स्वच्छ बॅरलमध्ये चरांच्या कडा सुरीसारख्या स्पष्ट दिसतात. शिसे असेल तेथे करडे, निस्तेज डाग किंवा लांबट रेघा दिसतात. फडक्याच्या तुकड्यावर चंदेरी कपच्या आल्या तर शंका उरत नाही. नुसता काळा रंग म्हणजे मात्र शिसे नव्हे, ती दारूची आणि वंगणाची काजळी असते.

शिसे बॅरलच्या कोणत्या भागात आहे, याने काही फरक पडतो काय?

फार फरक पडतो, आणि या संपूर्ण पानातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवावी. बॅरल घासायला घेण्याआधी शिसे कोठे बसले आहे ते पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. घासल्यावर पुरावा जातो आणि पुढच्या शंभर गोळ्यांनंतर तोच त्रास परत येतो.

चेंबरलगतच्या (काडतूस बसते त्या जागेलगतच्या) पहिल्या एकदोन इंचांत शिसे असेल, तर बहुधा गोळी बारीक आहे किंवा चर जेथे सुरू होतात ती जागा खडबडीत आहे, कारण वायूचा दाब तेथेच सर्वाधिक असतो. मागचा भाग स्वच्छ आणि तोंडाकडचा भाग करडा असेल, तर वंगण वाटेतच संपत आहे असे समजावे, आणि लांब बॅरलमध्ये हे अधिक घडते. उंचवट्याच्या ज्या कडेवर गिरकीचा जोर पडतो त्याच कडेला शिसे असेल तर गोळी मऊ पडून सोलवटत आहे, आणि विरुद्ध कडेच्या आडोशाला असेल तर वायू निसटत आहे. मध्येच एका ठिकाणी ठिपका असेल आणि प्रत्येक वेळी तेथेच येत असेल, तर तेथे गंजाचा खड्डा, ओरखडा किंवा आवळलेली जागा असते. रिव्हॉल्वरमध्ये बॅरल जेथे चौकटीत पिळून बसवलेली असते, त्या जागी ती कधीकधी आतून किंचित आवळली जाते. गोळी तेथे दबून बारीक होते आणि पुढे ढिली जाते. हा दोष मालकाने नव्हे, परवानाधारक आर्मररनेच (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरानेच) दुरुस्त करायचा असतो.

पावसाळ्याचा आणि शिशाचा काय संबंध?

आपल्या भागात हा संबंध जवळचा आहे. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याच्या पश्चिमेचा पट्टा जून ते सप्टेंबर ओलाच असतो, आणि कृष्णाकाठच्या सांगलीत पाऊस कमी असला तरी २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी घराघरांत कित्येक दिवस दमटपणा मुक्कामाला ठेवला होता. बॅरलमध्ये गंज धरला की सूक्ष्म खड्डे पडतात आणि त्या प्रत्येक खड्ड्याची कड किसणीसारखी काम करते. गंज साफ करता येतो, खड्डा भरून काढता येत नाही.

मी स्वतः हे शिकलो ते एक चांगली रायफल बिघडवून. ती जुलैमध्ये कॅनव्हासच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आणि थेट खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढली. पिशवीच्या कापडाने हवेतील ओल धरून ठेवली होती आणि बॅरलच्या पुढच्या तिसऱ्या भागात तांबूस ठिपके उमटले होते. तेव्हापासून ती रायफल दर साठ-सत्तर गोळ्यांनंतर त्याच ठिकाणी शिसे धरते. म्हणून पिशवीत किंवा चामड्याच्या म्यानात शस्त्र दीर्घकाळ ठेवू नये, बॅरलला आतून तेलाचा पातळ हात द्यावा, कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला बॅरल उघडून पाहावी. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागले, तर त्याआधीही तेल देऊनच जमा करावे, कारण ते काही आठवडे आपल्या हाती नसते.

खंडेनवमीला हळदकुंकू आणि फूल दस्त्यावर वाहावे. बॅरलच्या तोंडाशी ओले गंध किंवा पाण्याचे थेंब लागू देऊ नयेत. पूजेनंतर शस्त्र कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा तेलाचा हात द्यावा.

मी सैन्यात वीस वर्षे रायफल साफ केली आहे. तीच पद्धत घरच्या रायफलला चालेल काय?

अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून येणारा हा प्रश्न मी आदराने ऐकतो, कारण शस्त्राची निगा राखण्याची शिस्त त्या माणसांच्या अंगात मुरलेली असते. मुख्य फरक शस्त्रापेक्षा गोळीत आहे. सैन्यातील एसएलआर किंवा इन्सास रायफलची गोळी तांब्याच्या मिश्रधातूच्या कवचाची असते. तिच्या बॅरलमध्ये काजळी आणि तांबे बसते आणि त्यासाठी अमोनियायुक्त द्रावण उपयोगी पडते. शिशावर त्या द्रावणाचा काहीही परिणाम होत नाही. शिसे विरघळवण्याच्या मागे न लागता ते उचलून काढावे लागते. दुसरे असे की पुलथ्रूची, म्हणजे बॅरलमधून फडके ओढून नेण्याची, दोरी तोंडाच्या कडेवर तिरकी ओढली गेली तर तेथील पोलाद झिजते, आणि पॉइंट २२ च्या मऊ पोलादाच्या बॅरलमध्ये ही झीज लवकर होते.

पॉइंट २२ रायफल कशी आणि किती वेळा साफ करावी?

चेंबरच्या बाजूने, एकसंध आणि प्लॅस्टिकचा लेप असलेल्या गजाने, शक्य असेल तर गज मध्यभागी ठेवणारी नळी बसवून. प्रथम क्लीनरमध्ये भिजवलेला फडक्याचा तुकडा आरपार न्यावा आणि दहा मिनिटे थांबावे. नंतर ब्राँझचा ब्रश सात-आठ वेळा पूर्ण बाहेर जाईपर्यंत फिरवावा. तो मध्येच उलट दिशेने ओढू नये. मग कोरडे तुकडे स्वच्छ येईपर्यंत न्यावेत आणि शेवटी तेलाचा हलका हात द्यावा.

किती वेळा, यावर नेमबाजांत एकमत नाही. चांगल्या बॅरलला दोन-तीनशे गोळ्यांनंतर तुकडा फिरवणे पुरेसे असते आणि ब्रशची गरज क्वचितच पडते, असा माझा अनुभव आहे. चेंबरच्या अगदी पुढे काजळी आणि शिशाचे कडे तयार होते, ते मात्र नियमित तपासावे, कारण नेम बिघडण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते. गोळ्यांपेक्षा घाईघाईने केलेल्या साफसफाईने अधिक बॅरली बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत.

हट्टी शिसे कसे काढावे? व्हिनेगर, पारा, तारेचा चोथा यांविषयी ऐकले आहे.

झिरपणारे तेल लावून बॅरल रात्रभर ठेवावी, म्हणजे तेल शिशाच्या पापुद्र्याखाली शिरते. त्यानंतर जुन्या ब्राँझच्या ब्रशवर शुद्ध तांब्याच्या तारेच्या घासणीतील काही पदर गुंडाळून तो फिरवावा. शिसे पापुद्र्यांनी निघते आणि तांबे पोलादाहून मऊ असल्याने चरांना इजा होत नाही. घासणी आणताना सोबत लोहचुंबक न्यावे. चुंबकाला चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेले लोखंड आहे आणि ती अजिबात वापरू नये. भांडी घासायच्या स्टीलच्या चोथ्याचेही तेच.

व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रण शिसे खाते, हे खरे आहे. परंतु त्यातून पाण्यात विरघळणारे विषारी शिशाचे क्षार तयार होतात, बॅरलचा निळसर मुलामा उतरतो आणि थोडा वेळ जास्त झाला तर पोलादही खवले जाते. पारा शिसे ओढून घेतो म्हणून जुन्या काळी वापरत असत. पाऱ्याची वाफ श्वासातून शरीरात जाते, तेव्हा तो घरात आणूच नये.

शिशाच्या गोळ्यांनंतर दोनचार जॅकेटच्या (तांब्याच्या कवचाच्या) गोळ्या झाडल्या की बॅरल साफ होते, असे दुकानात सांगितले. करावे काय?

करू नये. बॅरल आधीच शिशाने आवळलेली असताना कठीण गोळी त्यातून ढकलली तर दाब वाढतो आणि काही शिसे निघण्याऐवजी चरांत आणखी दडपले जाते.

३२ बोअर रिव्हॉल्वर झाडताना बाजूने शिशाचे कण उडतात. हे साधे आहे काय?

नाही, आणि दुरुस्त होईपर्यंत ते रिव्हॉल्वर वापरू नये. सिलिंडरचे छिद्र बॅरलच्या नेमके समोर येत नसेल, तर गोळीची एक बाजू बॅरलच्या कडेवर तासली जाते आणि ते तुकडे फटीतून बाहेर उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला त्यापासून धोका असतो. परवानाधारक आर्मररकडून सिलिंडरचे टायमिंग तपासून घ्यावे. त्याच वेळी सिलिंडरच्या छिद्रांचे पुढील तोंडही मोजून घ्यावे. ते बॅरलच्या चरांपेक्षा अरुंद असेल तर योग्य मापाची गोळीही तेथे दबून बारीक होते, आणि मग काडतूस कितीही बदलले तरी शिसे बसणे थांबत नाही.

१२ बोअरला चर नसतात. तिला हा त्रास होतो काय?

होतो, पण कमी. बाहेरच्या थरातील छर्रे गुळगुळीत नळीला घासून चेंबरच्या पुढे आणि चोकपाशी (नळीच्या तोंडाकडील किंचित अरुंद भागापाशी) शिसे सोडतात. प्लॅस्टिकची वॅड छर्ऱ्यांना वेढून असेल तर शिशाऐवजी प्लॅस्टिकचा थर बसतो. दोन्ही ब्राँझच्या ब्रशने निघतात. ‘१२ बोअर’ हे नावही शिशावरूनच आले आहे : नळीच्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. ठासणीच्या बंदुकीत शिशापेक्षा काळ्या दारूची राख अधिक घातक असते, कारण ती ओल ओढते. ती गरम साबणाच्या पाण्याने त्याच दिवशी धुऊन, पूर्ण वाळवून तेल द्यावे.

एअर रायफलची बॅरलही साफ करावी लागते काय?

क्वचित. ४.५ मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगाने जातो, आग नसते, त्यामुळे शिसे हळूहळू बसते. काही हजार छर्ऱ्यांनंतर फेल्टचे गोळे आरपार नेले की पुरते. स्प्रिंग-पिस्टनच्या बंदुकीत बॅरलला पेट्रोलियम तेल लावू नये, कारण दाबलेल्या हवेत ते पेट घेऊ शकते. पावसाळ्यात डबीतील छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ते छर्रे वापरू नयेत. ती शिशाच्या क्षाराची भुकटी असते.

आमच्या मापाची गोळी मिळत नाही. घरी ओतून काडतूस भरले तर?

नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही. दोनतीन निरनिराळ्या उत्पादकांची काडतुसे रेंजवर वापरून पाहावीत आणि प्रत्येकाची नोंद ठेवावी. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्यांत बॅरलला जाणवण्याइतका फरक असतो.

शिशापासून आरोग्याला किती धोका आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना त्याचा सर्वाधिक अपाय होतो. शिसे श्वासातून येते ते बंदिस्त रेंजवरील धुरातून, कारण केपच्या (काडतुसाच्या बुडातील ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या) मसाल्यातही शिशाचा क्षार असतो. तोंडावाटे जाते ते हाताला लागलेल्या भुकटीतून. म्हणून रेंजवर काही खाऊ नये, तंबाखू मळू नये, आणि घरी आल्यावर आधी साबणाने हात-तोंड धुवावे. बॅरल स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या खोलीत साफ करू नये. हातमोजे घालावेत. करडे झालेले फडक्याचे तुकडे झाकणाच्या डब्यात साठवावेत, चुलीत किंवा बंबात जाळू नयेत. रेंजची जमीन कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. जे प्रशिक्षक बंदिस्त रेंजवर रोज तासन्‌तास उभे असतात, त्यांनी वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

साफ केल्यानंतर पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. काही चुकले काय?

काही चुकलेले नाही. पॉइंट २२ ची बॅरल गोळीवरील वंगणाचा पातळ थर चढल्यावरच एकसारखी वागू लागते, आणि साफसफाईत तो थर निघून जातो. झाडण्यापूर्वी आधी बॅरलमधील तेल कोरड्या तुकड्याने पुसून काढावे, मग दहा-पंधरा गोळ्या नोंद न धरता झाडाव्यात. काडतुसाचा उत्पादक बदलला असेल तर वंगणही बदलते आणि आणखी काही गोळ्या लागतात. यासाठी स्पर्धेच्या आदल्या रात्री बॅरल लखलखीत करून ठेवू नये. आठवडाभर आधी साफ करावी आणि शेवटचे दोन-तीन सराव त्याच काडतुसांवर करावेत.